मनातल्या मनात स्वतःलाच टोचून बोलणं कमी कसं करायचं

"तुला एक साधं काम जमत नाही", "झालं, परत घाण केलीस", "सगळ्यांना कळलं असेल की तुला काही येत नाही"... असलं काहीतरी ज्यांच्या डोक्यात उठल्यापासून झोपेपर्यंत चालू असतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. आणि सगळ्यात आधी हे सांगते की तो आवाज बंद पाडायच्या मागे लागू नका. "असा विचार करायचाच नाही" असं ठरवून बघितलं असेल ना, काय होतं? दुप्पट जोराने येतो.

यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली तो छापला. कॉलेजच्या मुलांना सांगितलं, पुढची ५ मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि आलाच तर समोरची घंटा वाजवायची. घंटा वाजत राहिल्या. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. नंतर याच मुलांना सांगितलं की आता खुशाल अस्वलाचा विचार करा, तर ज्यांना पहिल्यापासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा या दाबून ठेवणाऱ्या मुलांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं. म्हणजे दाबलेला विचार जात नाही, आत थांबून राहतो. तुमची इच्छाशक्ती कमी आहे म्हणून हे होत नाहीये, सगळ्यांच्या डोक्याचं असंच चालतं, हे एकदा नीट समजून घ्या कारण नाहीतर आपण "मला साधे विचारसुद्धा थांबवता येत नाहीत" म्हणून अजून एक कारण शोधतो स्वतःला बोलायला.

मग करायचं काय, तर तो आवाज जे बोलतोय ते नीट ऐकायचं, शब्द न् शब्द लिहून घ्यायचं, आणि त्याला खरंखुरं उत्तर द्यायचं. एवढंच. ऐकायला सोपं आहे, करायला सराव लागतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तो आवाज पकडायचा कसा, कारण बहुतेक वेळा तो ऐकूच येत नाही. १९६० च्या दशकात आरन बेक नावाचे मनोविकारतज्ज्ञ पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत डिप्रेशनच्या पेशंटबरोबर काम करत होते, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पेशंट तोंडाने एक सांगत असतात आणि त्याच वेळी आत दुसरंच काहीतरी चालू असतं, स्वतःबद्दलचं, आणि ते पेशंट सांगत नाहीत कारण त्यांचं स्वतःचंच तिकडे लक्ष नसतं. टीव्हीवर बातम्या देणारा एक बोलत असतो आणि खाली पट्टीवर वेगळंच पळत असतं ना, तसं. बेक यांनी याला आपोआप येणारे विचार असं म्हटलं आणि आज ज्याला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेव्हिअरल थेरपी, म्हणजे आपले विचार आणि वागणं तपासून बदलायचे उपचार) म्हणतात ती पद्धत इथूनच वाढली. हे विचार फार छोटे असतात, अर्धवट वाक्यं असतात, कधी नुसता एखादा शब्द, "मूर्ख", "संपलं", कधी शब्दही नाही, नुसतं चित्र. आणि ते मत वाटतच नाहीत, बाहेर पाऊस पडतोय हे जसं आपण शंका न घेता मानतो तितके खरे वाटतात. विचार क्षणात निघून जातो, मागे राहतं ते फक्त वाईट वाटणं, छातीवर ओझं, पोटात गोळा, आणि आपण म्हणतो "का कोण जाणे आज मूडच नाहीये".

म्हणून मूड हाच सिग्नल धरायचा. मूड एकदम खाली आला, चेहरा गरम झाला, कुणाला तोंड दाखवू नये असं वाटलं की लगेच स्वतःला एक प्रश्न विचारा: आत्ता डोक्यात काय येऊन गेलं? आणि जे सापडेल ते लिहा. वही असेल तर वहीत नाहीतर फोनमधल्या नोट्समध्ये, पण लिहाच, डोक्यातल्या डोक्यात केलं तर होत नाही, दोन मिनिटांत आपण त्याच विचारात वाहून जातो. आणि अगदी त्याच शब्दांत लिहा. "मला वाईट वाटलं" किंवा "आत्मविश्वास कमी झाला" असं सभ्य भाषेत नको. आवाज शिवी देत असेल तर शिवी लिहा. गुळगुळीत करून लिहिलं की त्यातला विखार दिसत नाही आणि मग उत्तर कशाला द्यायचं तेच कळत नाही. पहिला आठवडा फक्त हेच करा, काही बदलायला जाऊ नका, उत्तरं देऊ नका, नुसती नोंद. बऱ्याच जणांना या नोंदी वाचूनच धक्का बसतो कारण तीच तीन-चार वाक्यं फिरून फिरून येत असतात, प्रसंग बदलतो, वाक्य बदलत नाही.

आता एक उदाहरण पूर्ण करून दाखवते, कारण नुसतं "विचार तपासा" म्हणून काही कळत नाही.

समजा मेघना आहे. तिने सकाळी ऑफिसमध्ये रिपोर्ट पाठवला, त्यात एक आकडा चुकला, आणि सरांनी सगळे असलेल्या ग्रुपवर मेसेज टाकला, "हे परत चेक करा". तिची नोंद अशी: "११.२०. ग्रुपवर सरांचा मेसेज. पोटात गोळा, हात गार. 'मूर्ख आहेस तू. एक काम धड करत नाहीस. सगळे हसत असतील आता. हे लोक तुला ठेवणार नाहीत.' किती खरं वाटतंय, १०० पैकी ९०."

तो आकडा लिहायला विसरू नका, किती खरं वाटतंय ते. पुढे लागतो.

आता पहिलं काम, झालेलं आणि डोक्याने जोडलेलं वेगळं करायचं. समोर कॅमेरा लावला असता तर त्यात काय दिसलं असतं? एक आकडा चुकलेला, चार शब्दांचा एक मेसेज. संपलं. हसणारे लोक त्या कॅमेऱ्यात नाहीत. नोकरीवरून काढणं नाही. "मूर्ख" तर कुठेच नाही. मग एकेक वाक्य घेऊन विचारायचं की हे खरं असल्याचा पुरावा काय आणि खोटं असल्याचा काय. दोन्ही बाजू प्रामाणिकपणे, हे फार महत्त्वाचं. बाजूने पुरावा आहेच: आकडा चुकला, आणि मागच्या महिन्यातही एकदा दुरुस्ती करावी लागली होती. ते लपवायचं नाही, लिहायचं. विरुद्ध बाजूला: त्याच रिपोर्टमधले बाकीचे सगळे तक्ते बरोबर होते, सर हाच मेसेज बाकीच्यांनाही टाकतात, गेल्या आठवड्यातच एका सीनियरला टाकला होता आणि तेव्हा मेघना त्याला हसली नव्हती, तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

आणि मग उत्तर: "एक आकडा चुकला कारण मी जुनी फाइल उघडून त्यातून घेतला. सरांनी चेक करायला सांगितलंय, बाकी काही म्हणाले नाहीत. ग्रुपवर लिहिलं त्याचं वाईट वाटलं, ते वाटणारच. बाराच्या आत दुरुस्त करून पाठवते आणि इथून पुढे पाठवायच्या आधी फाइलची तारीख बघायची." आता परत विचारायचं, ते पहिलं वाक्य किती खरं वाटतंय? ९० वरून ५० आलं. शून्य नाही. शून्य होत नाही आणि व्हायला पाहिजे असंही नाही, पोटातला गोळा पूर्ण जाणार नाही पण ५० वर आलं की माणूस उठून फाइल दुरुस्त करू शकतो, ९० वर नुसता बसून राहतो. मला या सगळ्या प्रकारात हा भाग सर्वात मोलाचा वाटतो.

थोडे दिवस असं लिहिलं की आपल्या आवाजाच्या खोडी ओळखू यायला लागतात. कुणाचा आवाज सगळ्यांच्या मनातलं आपल्याला कळतं असं धरून चालतो, तिने मेसेज बघून रिप्लाय दिला नाही म्हणजे तिला मी नकोशी झालेय. कुणाचा भविष्य सांगत सुटतो. कुणाला एक तर शंभर टक्के नाहीतर शून्य, मधलं काही नाहीच. चांगलं झालं ते नशीब, वाईट झालं ते मात्र माझ्यामुळे, हे तर फारच कॉमन आहे. आणि एक "झालंच पाहिजे"वाला, मला सगळं जमलंच पाहिजे, सगळ्यांना मी आवडलेच पाहिजे. अल्बर्ट एलिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात आपली अख्खी पद्धत याच हट्टाभोवती उभी केली. यांची लांबलचक यादी पाठ करायची गरज नाही. आपली नेहमीची एक-दोन ओळखता आली तरी पुरे, कारण मग आवाज सुरू झाला की "हां, हे तेच मनातलं ओळखायचं चाललंय" एवढं म्हणूनसुद्धा त्याचा जोर कमी होतो.

आता उत्तर कसं नसावं ते. आरशासमोर उभं राहून "मी ग्रेट आहे, मी काहीही करू शकते" म्हणा असं सगळीकडे सांगतात. ज्यांना आतून मुळातच स्वतःबद्दल बरं वाटतं त्यांना चालत असेल. पण २००९ साली जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात एक प्रयोग केला, त्यात लोकांना "मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे" हे वाक्य परत परत म्हणायला लावलं, तर ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच कमी होतं त्यांना ते म्हणून आणखी वाईट वाटलं. कारण तुम्ही वर "मी ग्रेट" म्हणालात की आतून लगेच "कशावरून?" येतं, आणि सगळे जुने पुरावे घेऊन येतं. म्हणून उत्तर गोड नको, पटेल असं पाहिजे. "मी उत्तम बोलते" पटत नसेल तर "पहिली दोन मिनिटं माझा आवाज कापतो, नंतर जरा बरं होतं" हे लिहा. ते खरं आहे, आवाजाला त्यावर बोलायला जागा राहत नाही.

लिहायला वेळ नसतो तेव्हा काय? मीटिंग पाच मिनिटांवर आलीय, इंटरव्ह्यूला बाहेर बसलोय, कुणाला तरी फोन करायचाय आणि हात पुढे होत नाही. तेव्हा स्वतःशी स्वतःच्या नावाने बोला. मनातल्या मनातच. "मला का भीती वाटतेय" असं नाही, "मेघना, तुला कशाची भीती वाटतेय? यापूर्वी अशा वेळी तू काय केलं होतंस?" असं. ईथन क्रॉस आणि त्यांच्या टीमचा यावर २०१४ चा अभ्यास आहे. लोकांना फारसा वेळ न देता परीक्षकांसमोर भाषण करायला लावलं, काहींना तयारी करताना स्वतःशी "मी" म्हणून बोलायला सांगितलं आणि काहींना स्वतःचं नाव घेऊन. नाव घेणाऱ्यांचं भाषण जास्त चांगलं झालं आणि नंतर ते त्याच गोष्टीवर कुढत कमी बसले. आपलं नाव घेतलं की आपण मैत्रिणीशी बोलतोय तसं बोलायला लागतो, आणि मैत्रिणीला आपण "मूर्ख आहेस" म्हणत नाही, आधी पाणी पी म्हणतो. फक्त सूर सांभाळा, नाव घेऊन झापायला लागलात तर काही उपयोग नाही.

दुसरी एक पटकन करायची गोष्ट, वाक्याच्या आधी "मला असा विचार येतोय की" जोडायचं. "मी फेल होणार" आणि "मला असा विचार येतोय की मी फेल होणार" ही दोन वाक्यं लागोपाठ म्हणून बघा, फरक लगेच जाणवेल. आणि एखादाच शब्द फार टोचत असेल, समजा "नालायक", तर खोलीत एकटे असताना तो अर्धा मिनिट मोठ्याने भराभर म्हणत राहा. थोड्या वेळाने तो नुसता आवाज उरतो, अर्थ सुटतो. एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी ही गंमत नोंदवली होती आणि आजच्या काही थेरपीत ती मुद्दाम वापरतात. सगळ्यांना जमत नाही, काहींना विचित्र वाटतं, तर सोडून द्या.

इथपर्यंत वाचून काही जणांच्या मनात आलं असेल की स्वतःला झापलं नाही तर मी आळशी होईन, आजवर जे काही केलं ते स्वतःला चाबूक मारूनच केलं. हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो कारण याच भीतीपोटी लोक हा आवाज सोडायला तयार नसतात. पण तपासून बघा. झापल्यानंतरचा एक तास आठवा, त्या तासात काम झालं का? की फोन घेऊन लोळत पडलात? २०१२ साली कॅलिफोर्नियात ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी एक अवघड परीक्षा घेतली, त्यात मुलांचं वाईट झालं, मग काहींना सांगितलं की असं बऱ्याच जणांचं होतं, स्वतःवर फार कठोर होऊ नका. पुढच्या परीक्षेआधी याच मुलांनी जास्त वेळ अभ्यास केला. स्वतःशी बरं बोलणं म्हणजे चूक माफ करून टाकणं नव्हे, वर मेघनाने चूक कबूल केली, कारण शोधलं, काय करायचं ते ठरवलं, फक्त त्यातली शिवी काढून टाकली. शिवीने आकडा दुरुस्त होत नाही ना.

आणि कधी कधी आवाजाचं म्हणणं खरंच असतं हेही सांगायला हवं. तुम्ही खरंच कुणाला तोडून बोललात, खरंच अभ्यास केला नाही. तिथे पुरावे शोधत बसू नका. "आज काय करता येईल" एवढंच विचारा, माफी मागायची असेल तर मागा, आणि ते करून झाल्यावरही आवाज चालूच राहिला तर तो आता चुकीबद्दल बोलत नाहीये, नुसता छळतोय, असं समजून पुढच्या कामाला लागा.

हा सूर येतो कुठून? लेव विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की लहान मुलं आधी इतरांशी बोलतात, मग खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलतात, आणि हळूहळू तेच बोलणं आत जातं. म्हणजे आतल्या आवाजात बाहेरचे सूर मिसळलेले असणारच. एखादं वाक्य नेहमी येत असेल तर ऐकून बघा ते कुणाच्या तोंडचं वाटतंय, कधी कधी लगेच कळतं. त्या माणसावर राग काढायला नाही, तर हे वाक्य मूळ माझं नाहीच एवढं कळण्यापुरतं. घरात लहान मूल असेल तर त्याच्यासमोर आपण स्वतःला काय बोलतो त्याकडेही लक्ष द्या, त्याला आपण कितीही गोड बोललो तरी आई चूक झाली की स्वतःला काय म्हणते ते ते ऐकत असतं.

रात्रीचं वेगळं सांगते. दोन-अडीचला जाग येते आणि दहा वर्षांपूर्वीचं सगळं बाहेर निघतं, त्या वेळी उत्तरं देत बसू नका, तेव्हा डोकं थकलेलं असतं आणि सगळंच खरं वाटतं. उशाशी कागद ठेवा, विषय दोन शब्दांत लिहा, "उद्या बघू" म्हणा. आणि खरंच उद्या बघा. दिवसा ठरलेली वेळ ठेवायची, १५-२० मिनिटं ते अर्धा तास, रोज एकाच जागी, पलंगावर नाही. दिवसभरात जी टोचणी येईल ती त्या वेळेवर ढकलायची. थॉमस बोर्कोव्हेक यांच्या गटाने १९८३ साली सतत काळजी करणाऱ्यांसाठी ही पद्धत वापरून बघितली होती, रोज अर्धा तास, आणि लोकांचा काळजी करण्यात जाणारा वेळ कमी झाला. विचार दाबायचा नाहीये, फक्त पुढे ढकलायचाय, आणि डोकं हे बऱ्यापैकी ऐकतं. ठरलेल्या वेळी कागद उघडला की अर्ध्या गोष्टींवर बोलण्यासारखं काही उरलेलंही नसतं.

झोप कमी, पोटात काही नाही, दिवसभर स्क्रीन, अशा वेळी आवाज वाढतोच, त्यामुळे मोठे निर्णय आणि स्वतःबद्दलचे निकाल अशा वेळी नकोत.

साधारण दीड-दोन महिने चिकाटीने करा. मध्ये आठवडा बुडाला तर बुडाला, परत सुरू करा. आवाज येणारच, पण लवकर ओळखू येईल आणि लवकर सोडता येईल, हीच प्रगती.

पण काही ठिकाणी वही पुरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस जवळपास रोज मन उदास आहे, कशात रस नाही, झोप-जेवण बिघडलंय, कामावर जाणं जड झालंय, तर डॉक्टर किंवा काउन्सेलरकडे जा. डोक्यातला विचार नाही तर कानाने बाहेरून कुणीतरी बोलल्यासारखं ऐकू येत असेल तर थेट मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. आणि आवाज मरणाबद्दल बोलायला लागला, "तू नसलेलीच बरी" असं, तर त्याला उत्तर देत एकट्याने बसू नका, त्याच दिवशी, त्याच तासाला जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा, जवळचं कुणी नसेल तर हेल्पलाइनला फोन करा किंवा हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. यात कमीपणा काही नाही, पाय मोडल्यावर आपण घरीच बरा होतो का बघत बसत नाही.

काउन्सेलरकडे पहिल्यांदा जाताना नोंदी बरोबर घेऊन जा, काय बोलायचं सुचलं नाही तर त्यातल्या दोन-तीन तशाच वाचून दाखवा. सीबीटी करतात का हे आधी विचारलं तरी चालतं. आणि दोन-तीन भेटींनंतर पटत नाहीये असं वाटलं तर दुसऱ्याकडे जाता येतं, त्यांना तसं सांगितलं तर ते स्वतः एखादं नाव सुचवतातही.